गाडीच्या टपाला भोक

माझ्या नव्याकोऱ्या गाडीच्या टपाला बरोबर मधोमध भोक पाडायचं, असं धर्मराज गजभिये मला म्हणाला, तेव्हा मी त्याला दारातून जवळजवळ हाकलूनच दिलं होतं. गाडी घेऊन सहा आठवडे झाले होते. सीटांवरचं प्लास्टिक अजून मी काढू दिलं नव्हतं. बसताना ते चरचरायचं, उन्हाळ्यात घामाने पाठीला चिकटायचं, माझी बायको वसुधा रोज कटकट करायची, पण काढायचं नाही म्हणजे नाही. अशा गाडीपुढे हा माणूस हातात ड्रिल घेऊन उभा आणि वर म्हणतोय, "दोन मिनिटांचं काम आहे, साहेब."

मी बाळ खांबेटे, वीज कंपनीत इंजिनिअर. धर्मराज एका टॅक्सी कंपनीच्या गॅरेजमध्ये गाड्यांचे रेडिओ दुरुस्त करायचा. नागपूरच्या इंदोरा वस्तीतला. सैन्यात सिग्नल्समध्ये नऊ वर्षं काढलेली. त्याची बायको सुजाता नर्स, ती आधी अमेरिकेत आली आणि मागून हा आला. बुटका, रुंद खांद्यांचा, पंचेचाळिशीतला, आणि बोलायला असा की समोरच्याने दोन पावलं मागे सरावं. आमच्या मराठी मंडळाला तो आठवायचा तो गणपतीत माईक बिघडला की. तो हत्यारांची पेटी घेऊन यायचा, माईक सुरू करायचा आणि आरतीच्या आधी निघून जायचा. "जेवायला थांबा," असं आम्ही म्हणायचो, पण कुठल्या टेबलावर बसा ते कुणी सांगायचं नाही. माझ्या घरी तो तीनदा काही ना काही दुरुस्त करायला आला होता. तिन्ही वेळा त्याला चहा मी बाहेर गाडीजवळच नेऊन दिला. तेव्हा यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. आता हे लिहितानाही लाज वाटते.

सत्त्याऐंशीचा उन्हाळा होता. हडसन नदीच्या अलीकडच्या आमच्या गावात आपली माणसं बरीच झाली होती, आणि ते काही लोकांच्या डोळ्यांत खुपत होतं. आधी नुसत्या शिव्या. मग गाड्यांच्या काचा. मग रस्त्यातून जाणाऱ्या बायकांच्या अंगावर अंडी. आणि जुलैमध्ये त्र्यंबककाका.

त्र्यंबककाका म्हणजे मंडळातल्या आमच्या राजीवचे वडील. सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेले. संध्याकाळी साडेपाचला, लख्ख उन्हात, डोक्यावर टोपी घालून फिरायला निघाले. पाच पोरांनी त्यांना कोपऱ्यावर गाठलं. सतरा-अठरा वर्षांची पोरं, दोघांकडे बेसबॉलच्या बॅटी. पहिला फटका गुडघ्यावर. म्हातारा खाली बसला तेव्हा दुसरा तोंडावर. जबडा दोन ठिकाणी मोडला. खाली पडल्यावर एकाने त्यांच्या हातावर बूट ठेवून तो पिळला. समोरच्या घरातल्या बाईने पोलिसांना तीनदा फोन केला. पोलीस आले चाळीस मिनिटांनी. तोवर काका फुटपाथवर, स्वतःचे दात मुठीत धरून बसले होते. कुणीतरी तुडवून जाईल म्हणून त्यांनी ते वेचून ठेवले होते.

मंडळाची बैठक झाली. आम्ही काय केलं? ठराव केला. तीव्र निषेधाचा. सूचक, अनुमोदक, सगळं रीतसर. 'तीव्र' लिहायचं की 'अत्यंत तीव्र' यावर दहा मिनिटं गेली. मागच्या रांगेत धर्मराज बसला होता. तो उठला आणि म्हणाला, "ठराव कोणाला वाचून दाखवणार? त्या पोट्ट्यांना?"

अध्यक्षांनी ठरावाचा कागद खाली ठेवला.

"पोलीस उशिरा येतात नं? मग आपण आधी पोचू. त्यांना कॉल जातो तो रेडिओवरच जातो. स्कॅनर घ्या, गाडीत बसवा, आणि ऐका. चार माणसं पाळी लावून बसली तर कोणत्याही कोपऱ्यावर तीन मिनिटांत जाता येते. स्कॅनर मी देतो. गाडी कोण देते?"

गाडी मी दिली. नवी होती, दाखवायचीही हौस होती. स्कॅनर ही पुस्तकाएवढी पेटी. ती पोलिसांची एकेक वाहिनी फिरून फिरून तपासते आणि कुणी बोललं की थांबून ऐकवते. पण ती ऐकणार अँटेनातून, आणि इथूनच आमची जुंपली.

मी म्हटलं, गाडीच्या रेडिओची अँटेना आहे की. धर्मराज म्हणाला, ती गाण्यासाठी आहे, आणि एका कोपऱ्यात लावलेली म्हणून एका अंगाचंच धड ऐकते. मग मी मागच्या काचेला आतून चिकटवायची अँटेना आणली. त्याने ती लावून मला गावभर फिरवलं. जुन्या विटांच्या गिरणीमागे गेलो आणि पेटी मुकी झाली. मग मी दुकानातून एक मोठी चकचकीत आणली, मध्ये दोन गुंडाळ्या असलेली. खोक्यावर लिहिलं होतं की ही सगळे बँड घेते. त्याने ती हातात घेऊन वाकवून पाहिली. "हे सगळ्यांचंच ऐकते, म्हणून कोणाचंच धड ऐकत नाही," म्हणाला आणि खोक्यात परत ठेवली.

"आपल्याला एकच बँड पाहिजे, साहेब, पोलिसांचा. अठरा इंचांची सरळ काडी बस आहे. पण ती टपाच्या मधोमध पाहिजे, भोक पाडून पक्की. काडी म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी हा पत्रा." आणि त्याने माझ्या टपावर थाप मारली.

"गजभिये, अँटेना मीही शिकलोय कॉलेजात."

"मग तं तुम्हाला माहीतच आहे."

"भोक नाही म्हणजे नाही. रिसेल व्हॅल्यू काय राहील?"

मग ड्रिल पेटीत ठेवून त्याने लोहचुंबकाची बैठक काढली. बशीएवढी, काळी. तीवर तीच काडी. टपावर ठेवली की खट्‌कन बसायची. "भोकाएवढं नाही, पण चालते," म्हणाला. पुन्हा गिरणीमागे गेलो. आवाज बारीक, खरखरणारा, पण शब्द न् शब्द कळत होता. गिरणीमागूनच चारही रस्त्यांना झटकन निघता येतं, म्हणून आमची बसायची जागा तीच ठरली.

रोज पाच ते आठ. मी, राजीव आणि कामावरून सुटला की धर्मराज. तिसऱ्याच दिवशी कॉल आला. किराणा दुकानासमोर मारामारी, इंडियन जोडपं. अडीच मिनिटांत पोचलो. चार पोरं होती. एकाने त्या माणसाचे केस धरले होते आणि त्याचं डोकं गाडीच्या बॉनेटवर आपटत होता, सावकाश, मोजल्यासारखं. बायको ओरडत होती. मी गाडी थांबवायच्या आत धर्मराज उतरला होता. हातात टायर बदलायचा लोखंडी पाना. त्याने पहिला घाव केस धरलेल्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला बंद काचेतून ऐकू आला. दुसऱ्याने बॅट उगारली, ती धर्मराजने खांद्यावर झेलली आणि पाना त्याच्या पोटात घातला. तो कळवळून खाली पडला, तरी धर्मराज थांबला नाही. पडलेल्याला त्याने आणखी दोन घातले. शेवटी ती बाईच "बस, बस" म्हणत रडायला लागली, तेव्हा थांबला. बाकीचे दोघे पळाले होते.

परत येऊन त्याने दार ओढलं. उघडेना. मी चारही दारं लॉक करून स्टिअरिंगला धरून बसलो होतो, राजीव मागच्या सीटवर.

"लॉक काहून केलं?" एवढंच म्हणाला.

खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी भीती वाटली तितकंच बरंही वाटलं. काकांचा जबडा डोळ्यांपुढे होता. हाड मोडल्याचा तो आवाज मी रात्री वसुधाला दोनदा वर्णन करून सांगितला. लॉकचं मात्र सांगितलं नाही.

गिरणीमागे बसल्या बसल्या धर्मराज कधीकधी बोलायचा. एकदा त्याने वडिलांचं सांगितलं. काटोलजवळच्या त्यांच्या खेड्यात, बौद्ध झाल्यावर दुसऱ्या वर्षी, वडिलांनी मेलेलं ढोर ओढायला नकार दिला. म्हणून गावच्या रस्त्यावर, भरदिवसा, त्यांना काठ्यांनी मारलं. "दोन्हीकडे घरं होती. चौदा वर्षांचा होतो मी. बाप ओरडून राहिला होता आणि एक दार उघडलं नाही. बापाला नंतर कोणी विचारलं, लय लागलं का? तो म्हणे, मार तं लागतेच. कोणी ऐकून ऐकलं नाही, ते जास्त लागलं." मग पेटीचा आवाज थोडा वाढवून म्हणाला, "म्हणून मी रेडिओ शिकलो असन."

राजीवने घड्याळ बघितलं. मी काचेवरची धूळ पुसली.

सप्टेंबरच्या शेवटी एका रविवारी मी गाडी धुतली आणि बैठक उचलली, तर टपावर ओरखड्यांचं गोल कडं. लोहचुंबकाखाली बारीक कचरा अडकून रंग खरवडला होता. माझं डोकंच फिरलं. आपल्या घरात टीव्हीला झालर, फोनला रुमाल, फ्रिजच्या हँडलला टॉवेलची टोपी. त्याच हाताने मी जुन्या दुलईचा तुकडा कापला, चौपदरी घडी घालून कडेने टाके घातले आणि बैठकीखाली ठेवला. वसुधा हसली. म्हणाली, "आता तिला झबलं पण शिव." लोहचुंबक जरा सैल बसायचा, पण बसायचा. धर्मराजला त्या आठवड्यात गॅरेजमध्ये जादा काम होतं, तो सातच्या सुमाराला यायचा, तोवर अंधारून यायचं. त्याला टपावरचं दिसलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही.

तीन दिवस पेटी शांत. या पेटीचं असं असतं की सिग्नल पुरेसा नसला तर ती खरखर करत नाही, गप्प बसते. तसं बटण असतं तिला. म्हणजे गावात शांतता असली काय आणि तुम्हाला ऐकू येत नसलं काय, आत बसणाऱ्याला दोन्ही सारखंच. मी राजीवला म्हटलं, "घाबरली रे पोरं आपल्याला." राजीव म्हणाला, "यार काका, गजभियेंचा पाना बघून कुणीही घाबरेल."

गुरुवारी आम्ही गिरणीमागे बसून चिवडा खात होतो. साडेसहा वाजले होते, विटांवर ऊन होतं. धर्मराज त्या दिवशी लवकर सुटला होता आणि आमच्याकडेच चालत येत होता. आमच्यापासून तीन रस्ते पलीकडे, लाँड्रीसमोर, ते त्याच्यासाठीच थांबले होते. सात जण. ज्याचं मनगट मोडलं होतं तोही, हाताला प्लॅस्टर घातलेला, नुसता बघायला.

पहिली बॅट मागून डोक्यात बसली. तो पडला नाही, वळला, एकाच्या नाकावर ठोसा मारला. मग तिघांनी त्याचे पाय ओढून त्याला पाडलं. लाँड्रीच्या बाईने मला नंतर सगळं सांगितलं, आणि मी ते पुन्हा पुन्हा विचारलं. त्यांनी त्याला पालथं घातलं, त्याचा उजवा हात फुटपाथच्या कडेवर ताणून धरला, आणि एकाने बॅट दोन्ही हातांनी उचलून बोटांवर घातली. एकदा नाही. ती बाई पोलिसांना फोन करत होती. बावीस मिनिटं हे चाललं होतं, आणि बावीस मिनिटांत पाच वेळा तो कॉल हवेत गेला. आम्ही तीन रस्ते अलीकडे चिवड्यातले शेंगदाणे वेचत होतो.

सात वाजून गेले तरी तो आला नाही म्हणून निघालो. वळणावरच गर्दी दिसली. अँब्युलन्सचं दार उघडं होतं. त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं, एक डोळा मिटलेला, आणि उजव्या हाताच्या जागी रक्ताने भिजलेलं फडकं. स्ट्रेचर माझ्यासमोरून गेलं तेव्हा त्याने उघड्या डोळ्याने मला पाहिलं.

"ऐकलं नाही?" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी एकटा गिरणीमागे गेलो. पेटी लावली. दुलईचा तुकडा खाली होता. शांत. तुकडा काढला, बैठक पत्र्यावर टेकवली, आणि पेटी बोलायला लागली. कुठल्याशा पार्किंगच्या भांडणाचं काहीतरी. तुकडा परत ठेवला. शांत. असं मी तीनदा केलं. अँटेना मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क होते. काडी आणि पत्रा यांच्यात जाड घडी घातली तर काय होईल, हे मला पहिल्या वर्षाच्या पोरानेही सांगितलं असतं.

हॉस्पिटलात सुजाता खुर्चीत बसली होती. धर्मराजची दोन बोटं काढून टाकली होती, उरलेल्यांत तारा घातल्या होत्या. वसुधा त्याच हॉस्पिटलात रक्तपेढीत कामाला होती. तिने मला आधीच सांगितलं होतं की या हाताने तो पुन्हा वायरींना डाग द्यायची, सोल्डरिंगची इस्त्री धरू शकणार नाही. सुजाताने मला सरळ विचारलं, "तुम्ही कुठे होतात?"

"तिथेच होतो," मी म्हटलं. "गिरणीमागे सिग्नल मिळत नाही. डेड स्पॉट आहे."

धर्मराजने डोळा उघडला. "तिथं येते," तो म्हणाला. ओठ फाटलेले, शब्द सांडत होते. "मी स्वतः पाहिलं आहे. बारीक येते, पण येते."

मी जायला वळलो.

"लोहचुंबकाखाली काय टाकलं, साहेब?"

त्याला कसं कळलं? तर तो आम्हाला ओळखत होता. वर्षानुवर्षं आमचे टीव्ही आणि माईक त्याने उघडले होते, प्रत्येकावरची कापडं बाजूला सारून.

"दुलईचा तुकडा," मी म्हटलं.

"किती पदरी?"

"चार."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. सुजाता उठली, तिने माझ्या दंडाला धरून मला खोलीबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. तिच्या जागी मी असतो तर थोबाडीत मारली असती.

पुढचे पाच आठवडे मी रोज गेलो, आधी हॉस्पिटलात, मग त्यांच्या घरी. सुजाता दार उघडायची नाही, तर मी बाहेर उभा राहायचो. गिरणीमागे बसणं थांबलं होतं. ती पोरं मोकळीच होती, कुणीही ओळख पटवायला पुढे येत नव्हतं. नोव्हेंबरात एका शनिवारी दुपारी धर्मराज स्वतःच माझ्या घरासमोर येऊन उभा राहिला. उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, डाव्या हातात हत्यारांची पेटी. मी म्हटलं, "आत या, आधी आत या." तो म्हणाला, "चहा नंतर. ड्रिल धरा."

त्याने डाव्या हाताने टपावर दोरी धरून मध्य काढला आणि पेन्सिलने फुली केली. त्या ओरखड्यांच्या कड्याच्या बरोबर आत. मी शिडीवर चढलो. "दाबा," म्हणाला. मी दाबलं. पत्रा किंचाळला. पत्र्याचा कीस उडून रंगावर पडला, माझ्या चष्म्यावर पडला, मनगटाला चटके बसत होते. "थांबू नका. अजून दाबा." मी रडत होतो आणि दाबत होतो, आणि ते भोक पडेपर्यंत मी कशालाही इतक्या जोराने दाबलं नव्हतं. मग गाडीत शिरून मी सीटांवरचं प्लास्टिक मुठींनी ओरबाडून काढलं. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. धर्मराजने एका हाताने वायर ओवली, काडी आवळली, रबराचं वायसर नीट बसलं का ते नखाने चाचपलं. वसुधाने आत टेबलावर तीन कप मांडले होते.

पेटी लावली. इथे, माझ्या दारात, इतका स्पष्ट आवाज मी कधी ऐकला नव्हता. पोलिसांना कॉल देणारी बाई जणू मागच्या सीटवर बसून बोलत होती. दुसऱ्याच मिनिटाला तिने आमच्या ओळखीच्या रस्त्याचं नाव घेतलं. चार-पाच मुलं, बॅटी, साडीतली एक बाई आणि तिच्याबरोबर म्हातारी. बसस्टॉपजवळ.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. धर्मराजने हत्यारांच्या पेटीतून तो लोखंडी पाना काढला. प्लॅस्टरमधून बाहेर आलेल्या बोटांच्या टोकांत तो धरायचा प्रयत्न केला. धरवेना. मग त्याने तो डाव्या हाताने माझ्यापुढे केला.

"हे माझ्यानं धरल्या जात नाही, भाऊ," म्हणाला. "तू धर."

चहा टेबलावरच राहिला. चार मिनिटांचा रस्ता मी दोनात कापला आणि गाडी सरळ फुटपाथवर चढवली. म्हातारी खाली पडली होती. एकाची बॅट वर गेली होती. मी इंजिन बंद केलं नाही, दाराच्या लॉकला हात लावला नाही. पाना घेऊन आधी मी उतरलो.